यादीत बत्तीस, बैठकीला नऊ: क्लबच्या नव्या सचिवांना उत्तर

पत्र

मी नागपुरातल्या मनीषनगर भागातल्या एका सेवा क्लबची १ जुलैपासून सचिव झाले आहे. यादीत ३२ सभासद आहेत. दर गुरुवारी रात्री साडेसातला हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक असते आणि येतात आठ-नऊ जण. सुरू व्हायला सव्वाआठ होतात, जेवायला साडेदहा. मागच्या वर्षी मे महिन्यात रविवारी दुपारी रक्तदान शिबिर घेतलं, ११ पिशव्या झाल्या. ५ जूनला २०० झाडं लावली, त्यातली पंधराही दिवाळी पाहू शकली नाहीत. यंदा कळमेश्वर तालुक्यात नेत्रशिबिर घ्यायचं घाटतंय. ज्येष्ठ म्हणतात, गैरहजेरीचा फाइन वाढवा. तरुण म्हणतात, बैठका बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं भागतं. मी कुणाचं ऐकू?
– एक सचिव

उत्तर

सचिवताई,

दोघांचंही ऐकू नका. फाइन वाढवला की येणारे नऊसुद्धा कुरकुरत येतात. बैठका बंद केल्या तर सहा महिन्यांत क्लबचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा ग्रुप होतो. तुमच्या पत्रातून दिसतं ते वेगळंच आहे. एखादा सभासद गुरुवारी आला नाही तर कुणाचं काय अडतं? काहीच नाही. शिबिराची तारीख अध्यक्षांच्या फोनवर ठरते, रोपं कुणाच्या तरी ओळखीनं येतात, बॅनर छापणारा ठरलेला असतो. मग बैठकीत उरतं काय? हार, शाल-श्रीफळ आणि पनीर. ज्या कामासाठी हात लागतात त्याचं ठरवणं, वाटणं आणि हिशेब देणं बैठकीत आणा. आमच्या मते उपस्थितीवर दुसरं औषध नाही, आणि उपक्रम फसतात त्याचंही कारण तेच आहे.

तुमचा क्लब कुठल्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडलेला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. रोटरी असो की लायन्स, पुढचं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू आहे.

आधी यादी साफ करा. वरच्या संस्थेची वर्गणी दोन्हीकडे सहामाही असते, जुलै आणि जानेवारीत, आणि ती यादीतल्या नावांवर आकारली जाते. वर्षभर तोंड न दाखवलेला आणि पैसेही न भरलेला सभासद यादीत राहिला तर त्याचा भार क्लबवर पडतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अशा प्रत्येकाला फोन व्हायला हवा. तो तुम्ही करू नका, ज्यानं त्याला क्लबमध्ये आणलं त्यानं करावा. विचारायचं एवढंच: राहायचंय का, राहायचं असेल तर कुठलं काम घेणार, नसेल तर राजीनामा द्या, दोन वर्षांनी पुन्हा या. लाजेपोटी नाव ठेवलेले लोक बहुतेक वेळा सुटकेचा श्वास टाकतात. काढायचंच झालं तर उपविधीत, म्हणजे क्लबच्या नियमावलीत, दिलेली नोटीस लेखी द्या आणि निर्णय बोर्डात (संचालक मंडळात) नोंदवा. तोंडी काढलेला सभासद निवडणुकीच्या आठवड्यात हमखास उगवतो.

यादी लांब ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे. रोटरीच्या शिफारस केलेल्या उपविधीत क्लबच्या निर्णयासाठी एकतृतीयांश सभासदांचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागते. बत्तीसचा एकतृतीयांश म्हणजे अकरा. नऊ जणांत तुम्ही जे ठराव केले असतील ते उद्या कुणी आक्षेप घेतला तर टिकणार नाहीत. तुमच्या क्लबचे उपविधी काढून कोरमचा आकडा पाहा आणि तो हजेरीपत्रकाच्या वरच लिहून ठेवा. यादी बावीसवर आली तर आठ जण पुरतात.

आता वार. नागपुरात गुरुवार म्हणजे गजानन महाराजांचा वार. कुणाचा उपास, कुणाची आरती, आणि मार्गशीर्षात तर घरोघरी महालक्ष्मीचं व्रत. संध्याकाळी साडेसातला हॉटेलात या असं सांगून वर हजेरीची तक्रार करणं बरं नाही. बुधवार किंवा शुक्रवार घ्या. दर आठवड्याचा हट्टही सोडा. रोटरीनं २०१६मध्ये नियम सैल केले, महिन्यातून किमान दोन बैठका पुरतात. लायन्सचे बरेच क्लबही महिन्याला दोनच घेतात. पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी बैठक, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी उपक्रमाच्या जागेवर हजेरी. त्या सकाळी तर्री-पोहे ठेवा. हॉटेलला न येणारे तिथे येतात, आणि नव्या माणसाला क्लब दाखवायचा तर हीच जागा बरी.

बोर्डाची बैठक वेगळी घ्या, सर्वसाधारण बैठकीच्या चार-पाच दिवस आधी, कुणाच्या तरी घरी किंवा ऑफिसात, तासाभरात. पैशाची मंजुरी, सभासदत्वाचे अर्ज, वादाचे विषय तिथे. सर्वसाधारण बैठकीत बोर्ड मीटिंग घुसली की ज्यांचा त्या विषयाशी संबंध नाही ते मोबाइल काढतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

बैठक एका तासाची असावी. सात चाळीसला घंटा, म्हणजे सात चाळीसलाच, पाच जण असले तरी. पहिल्या दोन बैठकांना लोक भर भाषणात दार ढकलून आत येतील, ‘काहून इतक्या लवकर सुरू केलं जी’ म्हणून विचारतीलही. येऊ द्या, विचारू द्या, तिसऱ्या बैठकीपासून वेळ पाळतात. राष्ट्रगीत आणि क्लबची प्रतिज्ञा किंवा रोटरीची चार प्रश्नांची चतुःसूत्री यांना तीन-चार मिनिटं. पाहुण्यांची ओळख आणि वाढदिवस मिळून पाच. त्यानंतर लगेच, म्हणजे सगळे ताजे असताना, चालू उपक्रमाचं काम: वीस मिनिटं. मग वक्ता वीस मिनिटं आणि प्रश्न पाच. शेवटी पुढच्या पंधरा दिवसांत कुणी काय करायचं त्याचं मोठ्यानं वाचन, तीन मिनिटं, आणि घंटा. बहुतेक क्लब नेमका उलटा क्रम लावतात. आधी सत्कार, मग वक्ता, आणि उपक्रमाचा विषय जेवणाच्या वासात निघतो. तेव्हा कुणाला तो नको असतो.

वेळ जातो कुठे ते एकदा घड्याळ लावून पाहा. मंचावर पाच जण बसवले, प्रत्येकाचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत केलं, त्या प्रत्येकाचा फोटो ‘इकडे बघा’ म्हणत दोनदा काढला, की दहा-बारा मिनिटं सरली. वर सूत्रसंचालकाची चारोळी. मंचावर तिघेच ठेवा: अध्यक्ष, तुम्ही आणि वक्ता. वक्त्याला बोलावतानाच विषय आणि वीस मिनिटं लिहून कळवा आणि पंधराव्या मिनिटाला समोरून चिठ्ठी द्या. वक्ता उपक्रमाशी जोडलेला असला तर दुधात साखर. शिबिराआधीच्या बैठकीला रक्तकेंद्राचे डॉक्टर, लागवडीआधी उद्यान विभागातला जाणकार. ‘यशस्वी जीवनाची गुरुकिल्ली’ सांगणारे वर्षातून एकदा पुरे.

जेवणाचं गणित मांडा. हॉटेलवाला किमान वीस ताटांची गॅरंटी मागतो, येतात नऊ. ताट ३०० रुपयांचं धरलं तर दर बैठकीला अकरा रिकाम्या ताटांचे ३,३०० रुपये, महिन्याच्या चार बैठकांचे १३,२००. हे पैसे सभासदांच्या वर्गणीतूनच जातात. हॉटेल सोडा. वसाहतीचं समाजभवन, शाळेचा वर्ग, एखाद्या सभासदाच्या दुकानावरचा हॉल, काहीही चालेल. खाणं आधी ठेवा. सव्वासातपासून सांबारवडी किंवा आलूबोंडा आणि चहा, सात चाळीसला बंद. जेवण शेवटी असलं की माणसं जेवणाच्या वेळेलाच येतात.

इतिवृत्त एका पानाचं लिहा आणि ४८ तासांत पाठवा. कोण काय बोललं ते नको. चार रकाने पुरतात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती खर्च. ‘कोण’च्या रकान्यात ‘समिती’ असं कधीही लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग तारीख विचारायला आणि हा कागद पाठवायला. निर्णय तिथे घेऊ नका. अंगठे दाखवलेल्या सव्वीस जणांपैकी शिबिराच्या दिवशी चौघं दिसतात.

आता रक्तदान शिबिर, कारण तुमच्या अकरा पिशव्यांत पुष्कळ शिकण्यासारखं आहे.

मे महिना निवडला यात चूक नाही. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, त्यामुळे रक्ताची चणचण तेव्हाच असते. दिवाळीच्या आठवड्यातही तेच. उलट १५ ऑगस्ट, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, नेत्यांचे वाढदिवस यांना शिबिरांची रांग लागते. तांबड्या पेशी वापरल्या जाणाऱ्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी शहरभर रक्त घेऊन पुढचा महिना कोरडा गेला तर थॅलेसेमियाच्या मुलाला काय उपयोग? त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्णही भरपूर. म्हणून तारीख आपण ठरवून रक्तकेंद्राला कळवू नका, रक्तकेंद्राला विचारून ठरवा. मेडिकल, मेयो, डागा या रुग्णालयांची सरकारी रक्तकेंद्रं आहेत, परवानाधारक खासगी आणि धर्मादायही आहेत. परवाना नसलेल्या कुणालाही शिबिरात रक्त घेता येत नाही, हे सांगायची गरज नसावी.

चुकली ती वेळ. मे महिन्यातली रविवार दुपार म्हणजे नागपुरात रस्त्यावर कुत्रंही नसतं. उन्हाळ्यात शिबिर सकाळी साडेसात ते साडेअकरा, कूलर नको, एसी हॉल हवा. कूलरच्या दमट हवेत पहिल्यांदा रक्त देणारी पोरं घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतात. उपासाचा दिवस टाळा. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी उपाशी दात्याचं रक्त घेत नाहीत, आणि घेऊही नये. कॅलेंडर घेऊन बसा, तारखा फार उरत नाहीत.

खाटांचा हिशेब असा. एका दात्याला चढणं, हात पुसणं, रक्त निघणं, उतरणं धरून पंधरा ते वीस मिनिटं लागतात. म्हणजे एका खाटेवर तासाला तीन जण. पाच खाटा चार तास चालल्या तर साठ पिशव्या ही कमाल मर्यादा. पन्नास हव्या असतील तर नोंदलेली नावं ऐंशी-नव्वद हवीत, कारण काही येत नाहीत आणि काही तपासणीत गळतात. त्यांना वेळही वाटून द्या: साडेसातला वीस-बावीस, साडेआठला वीस-बावीस. सगळे दहाला आले तर रांग पाहून निम्मे परत जातात.

गळणारे का गळतात ते आधीच सांगितलं तर अर्धी गळती थांबते. वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणारा असेल तर ६०च्या आत. वजन किमान ४५ किलो; ४५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी ५५च्या वर. हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांना आधीच्या दानापासून ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत. टॅटू काढून वर्ष झालेलं नसेल तर नाही. आदल्या रात्री ‘बसलेले’ नकोत, आणि शनिवारच्या रात्रीनंतर रविवार सकाळ येते हे लक्षात असू द्या. जेवून चार तास उलटले असतील तर आधी काहीतरी खायला द्या. सुई टोचण्याआधी अर्धा लिटर पाणी पाजा, चक्कर येण्याचं प्रमाण त्यानं कमी होतं. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीत बसवायचं आणि तिथे क्लबचा एक माणूस उभा हवा. चक्कर बहुतेकदा खाटेवर येत नाही, उठून चहाच्या टेबलापर्यंत जाताना येते. आली तर लगेच तिथेच आडवं करा, पाय उंच धरा, भोवतीची गर्दी हटवा. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जाणाऱ्यांत महिला जास्त असतात. त्यांना ‘नाही चालत’ म्हणून वाटेला लावू नका. आकडा चिठ्ठीवर लिहून द्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा, सभासदांपैकी एक महिला या टेबलावर बसवा. हेल्मेट, डबे, बॅगा वाटण्याच्या फंदात पडू नका. रक्तदान विनामोबदला असावं हा नियम आहे, आणि वस्तूच्या ओढीनं आलेला माणूस आजार लपवतो. तो धोका रुग्णाच्या नशिबी येतो.

शिबिर संपल्यावर दात्यांची वही करा: नाव, गट, तारीख, पुन्हा कधी देता येईल. ९० आणि १२० दिवसांच्या तारखा त्याच दिवशी मांडा, आणि पुढच्या बैठकीत प्रत्येक सभासदाला पाच दाते वाटून द्या. त्या पाचांना फोन करणं त्याचं काम. पुढच्या शिबिरात त्यातले किती आले हे बैठकीत विचारलं जाईल, हे त्याला ठाऊक असतं. आता तो बैठकीला आला नाही तर काहीतरी अडतं.

झाडांचं दुःख वेगळं. ५ जूनला नागपुरात झाड लावणं म्हणजे त्याला फाशी देणं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकता संपलेला असतो, पाऊस आठ-दहा दिवस तरी लांब, काळी माती भेगाळलेली. त्या भेगांतून मुळांना गरम हवा लागते. पर्यावरण दिनाला समारंभ करायचाच तर खड्डे दाखवा. मे महिन्यात दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे काढून उन्हात तापू द्यायचे, मातीत एकतृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलैअखेर, पाच-सहा फुटी रोपं लावायची. पिशवी पूर्ण फाडून काढा. तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर ती मोकळी करा, नाहीतर दोन वर्षांनी वाऱ्यात झाड उपटून येतं आणि लोक मातीला दोष देतात.

दोनशेचा आकडा सोडा. पाण्याचा हिशेब मांडला की का ते कळेल. पन्नास झाडं, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे एका फेरीला १,००० लिटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दोनदा. वर्षाला जवळपास ५०,००० लिटर होतात. छोट्या हत्तीवर ५०० लिटरची टाकी ठेवली तर शंभर खेपा. दोनशे झाडांना चारशे. ही तयारी तुमच्या क्लबची आहे का? पन्नासची असेल तर पन्नास लावा, आणि हे दोन वर्षं चालवायचं आहे. बुंध्याभोवती मीटरभर व्यासाचं आळं, वर वाळल्या पाल्याचा जाड थर, म्हणजे काळी माती कमी भेगाळते. बांबूचं किंवा लोखंडी कुंपण पहिल्याच दिवशी, गाय आठवडाभर थांबत नाही.

जागेची परवानगी लेखी घ्या. रस्त्याकडेला महापालिकेचा उद्यान विभाग, ले-आउटच्या खुल्या जागेला ती ज्यांच्या ताब्यात आहे ते. वर विजेच्या तारा असतील तिथे पिंपळ-वड नकोत, तीन वर्षांनी वीजवाले शेंडा तोडतात. कडुलिंब, करंज, बकुळ, कांचन बरी, नाल्याकाठी अर्जुन. गुलमोहर दिसतो छान, पण वळवाच्या वादळात तोच आधी गाडीवर पडतो. आमची सूचना शाळेच्या आवाराची. कुंपण असतं, नळ असतो, आणि चौकीदाराला महिन्याला ठरावीक रक्कम दिली की पाणी चुकत नाही.

नेत्रशिबिराबद्दल. कळमेश्वर-काटोलचा पट्टा संत्रा-कापसाचा. पेरणीच्या जून-जुलैत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत म्हाताऱ्यासोबत दवाखान्यात थांबायला घरचं कुणी मोकळं नसतं. फेब्रुवारी-मार्च बरा. उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये, हा जुना समज आजच्या शस्त्रक्रियेला लागू नाही, पण गावात तो निघेलच. उत्तर डॉक्टरांना द्यायला लावा. आठवडाभर आधी आशाताईंकडून पन्नाशीच्या पुढच्या, कमी दिसणाऱ्यांची नावं घ्या. शिबिराच्या दिवशी सहा मीटरवरून तक्ता वाचून घेणं, टॉर्चनं मोतिबिंदू पाहणं, रक्तदाब आणि साखर, एवढंच गावात. शस्त्रक्रिया रुग्णालयातच, शाळेच्या वर्गात कधीही नाही.

फसतं ते नंतर. चाळीस जण निवडले, गाडी भरून नेले, आणि साखर वाढलेली म्हणून काहींना परत पाठवलं. ते पुन्हा कधीच येत नाहीत. त्यांची वेगळी यादी करा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू करून महिन्यानं पुन्हा न्या. शस्त्रक्रिया झालेल्यांची तपासणी दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि चार ते सहा आठवड्यांनी, शेवटच्या वेळी चष्म्याचा नंबर. म्हणजे गाडीच्या खेपा एक नव्हे, चार. खर्चाच्या अंदाजात चारही धरा. रुग्णाचा नाही, घरच्या माणसाचा मोबाइल नंबर घ्या, आणि थेंबांचं वेळापत्रक अक्षरांऐवजी सूर्य-चंद्राच्या चित्रांत द्या.

एवढं पेलत नसेल तर जवळचं दिसण्याच्या चष्म्यांचं शिबिर करा. चाळिशीनंतर सुईत दोरा न जाणारे, तांदूळ निवडताना खडा न दिसणारे प्रत्येक गावात असतात. +१ ते +२.५ नंबरचे तयार चष्मे, सोबत एक नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट, आणि एका सकाळी माणूस पुन्हा शिवायला लागतो. फोटोत हे फार भव्य दिसत नाही, एवढाच दोष.

उन्हाळ्यात प्याऊ (पाणपोई) लावत असाल तर रामनवमीच्या सुमारास सुरू करून जूनच्या मध्यापर्यंत चालवा, आणि फीत कापण्याआधी पगारी माणूस ठेवा. सभासदांच्या पाळ्यांवर चालणारे प्याऊ तिसऱ्या आठवड्यात कोरडे पडतात. रांजण रोज रिकामा करून घासायचा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढायचं, क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या लिटरच्या मापानंच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सेवा द्यायची असेल तर तिथे अन्नदानाचे मंडप भरपूर असतात. पत्रावळी आणि ग्लास उचलणारे हात कमी पडतात, ते काम मागून घ्या. मात्र वर्षभरात मोठे उपक्रम तीनच. चौथा सुचवणाऱ्याला विचारा, कोण चालवणार?

पैशाचं थोडक्यात. खाती दोन ठेवा. सभासदांची वर्गणी आणि जेवणाचा खर्च एकात, लोकांकडून उपक्रमासाठी आलेला पैसा दुसऱ्यात. दुसऱ्यातून पुष्पगुच्छही घ्यायचा नाही. बँकेत सह्या बदलायला ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांचं केवायसी लागतं, ते जुलैतच उरका, नाहीतर पहिल्या शिबिराच्या वेळी जुन्या खजिनदाराच्या मागे फिरावं लागतं. क्लबचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो तीन-चार वर्षं राहिलेला असला तर मोठ्या देणगीदारासमोर कागद ठेवताना अडचण होते. मागची फाइल आत्ताच उघडून पाहा. आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी आयकरात देणगीवर मिळणाऱ्या सवलतीत (८०-जी) बसत नाही. देणाऱ्याला आधीच सांगा, चेक किंवा यूपीआय घ्या.

राहिला फाइन. तो ठेवा, पण गैरहजेरीवर नको, जो आलाच नाही त्याच्याकडून वसूल कोण करणार? उशिरा येणाऱ्याला दहा रुपये, मोबाइल वाजला तर वीस, मुलीला नोकरी लागली, घराला रंग दिला अशा आनंदाच्या बातमीला वाटेल तेवढे. सक्तीचा दंड पन्नासच्या वर कुणालाही नाही, अध्यक्षांना दुप्पट. मोजणी तिथल्या तिथे करून आकडा इतिवृत्तात लिहा.